भाताच्या हिशेबानं दिलेला शब्द

खारी गावातला शेवटचा बैल धर्माजी भोईरांच्या गोठ्यात होता, आणि त्याला काही काम नव्हतं. भाईंदर पूर्वेला काम नसलेले पुष्कळ जण राहत होते, पण त्यांची चर्चा होत नसे. खैऱ्याची व्हायची. नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्या सुमाराला गावाच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या होत्या. धर्माजी सकाळी खैऱ्याला घेऊन नाल्याकडे निघाले की शाळेच्या रिक्षातली मुलं त्याला हात करून इंग्रजीतून 'काऊ, काऊ' म्हणायची. धर्माजींनी सुरुवातीला हा बैल आहे असं सांगून पाहिलं. पुढे त्यांनी तो नाद सोडला. खैऱ्याचं तर काहीच म्हणणं नव्हतं.

धर्माजींचं आयुष्य दोन पांढऱ्या गोष्टींत गेलं होतं, तांदूळ आणि मीठ. पावसाळ्यात भात, बाकीच्या दिवसांत मिठागर. मिठागरातल्या उन्हानं त्यांचे डोळे कायमचे बारीक झाले होते, त्यामुळे ते सगळ्या जगाकडे संशयानं पाहतात असं वाटे. प्रत्यक्षात संशय घेणं त्यांना जमत नसे. भावकीनं जमीन बिल्डरला द्यायची ठरवली तेव्हा सगळ्यात शेवटी अंगठा यांनी उठवला, पण उठवला. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये मुलगा यतीन बायकोबरोबर राहायला गेला. धर्माजी आणि शेवंती गावातल्या जुन्या घरात राहिले, कारण फ्लॅटला गोठा नव्हता.

त्यांच्या शेतावर जी इमारत झाली तिचं नाव 'नवगोकुळ'. बिल्डरच्या रंगीत पत्रकात तिच्यापुढे कारंजं आणि हिरवळ दाखवली होती. ताबा मिळाला तेव्हा त्या जागी त्रिकोणी पडीक तुकडा होता, त्यात डेब्रिज, आणि मधोमध सिमेंटचा एक पेंग्विन, ज्याच्या उघड्या तोंडात कचरा टाकायचा होता. या नवगोकुळातूनच बैलाच्या शेणाचा वास येतो अशी तक्रार प्रथम आली.

तक्रार सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे हितेशभाई, तळमजल्यावर ज्याचं किराणा दुकान आहे तो. हितेश भला माणूस. दुकान चालवणाऱ्याला सगळ्यांशी चांगलं वागावं लागतं. हा दुकान बंद असतानाही वागायचा. तो गोठ्यापर्यंत गेला, खैऱ्याच्या बरगड्या बघितल्या आणि त्याला वासापेक्षा बरगड्यांचं वाईट वाटलं. म्हणाला, काका, आमच्या लोकांची पांजरापोळ आहे. म्हाताऱ्या जनावरांना तिथे शेवटपर्यंत ठेवतात, चारापाणी, डॉक्टर, सगळं. मी फोन केला की ट्रक येईल.

धर्माजींनी ते नीट ऐकून घेतलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. खैऱ्याच्या जोडीचा मोऱ्या तीन पावसाळ्यांपूर्वी गेला होता. भातच नाही म्हटल्यावर पेंढा नाही, आणि पेंढा नाही म्हटल्यावर दसऱ्यानंतर बैलाच्या पुढ्यात टाकायला काही नाही. काही वर्षं तारोडीहून शेवंतीच्या माहेरून टेम्पोनं पेंढा यायचा. मग माहेरच्यांनीही खाचरं लावायचं सोडलं. गेल्या हिवाळ्यात धर्माजींनी बाजारातला कोबीचा पाला गोळा करून दिवस काढले, आणि त्यानं खैऱ्याचं पोट असं फुगलं की शेवंतीनं रडून घेतलं.

त्यांनी हितेशला सांगितलं की एक हंगाम बघतो. पुढच्या दिवाळीपर्यंत वैरणीची सोय नाही झाली, तर ट्रक बोलाव. हितेश बरं म्हणाला. गोठ्यातून बाहेर पडताना त्यानं खैऱ्याला नमस्कार केला. तेवढ्यामुळे धर्माजींना त्याचा राग धरता आला नाही, नाहीतर बरं झालं असतं.

*

बाजरी या गोष्टीत खैऱ्यानंच आणली, हितेश गोठ्यात आला त्याच्या आदल्या पावसाळ्यात.

हितेशची आई चंपाबेन भावनगरकडच्या. सत्तरी ओलांडलेली, बारकी, पांढऱ्या साडीतली बाई. रोज सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून कुंपणाच्या भिंतीशी पाखरांना दाणे टाकायच्या. दुकानातल्या पोत्यांतली झाडलोट, बहुतेक बाजरी. पाखरं म्हणजे अर्थातच कबुतरं. भाईंदरमध्ये धर्मादाय दाणा दुसऱ्या कुणापर्यंत सहसा पोचत नाही. पण पावसाळ्यात कबुतरांनी सोडलेले दाणे भिंतीच्या कडेनं उगवले. एके सकाळी धर्माजी आणि खैऱ्या तिथून जात असताना खैऱ्या थांबला. तो कधी थांबत नसे. त्यानं मान भिंतीकडे वळवली, ते कोवळं हिरवं बुडापासून ओढून खाल्लं आणि डोळे मिटले.

चंपाबेन हे बघत होत्या. दोघांची तोवर ओळख नव्हती. धर्माजींनी बैलाला ओढलं, तशा त्या हिंदी-गुजरातीत म्हणाल्या की खाऊ दे, पुण्य पुण्यच, कुणाच्या पोटात का जाईना. धर्माजींनी विचारलं, हा चारा कसला. बाजरी, असं कळल्यावर त्यांना नवल वाटलं. बाजरी त्यांनी भाकरीच्या रूपात पाहिली होती. तिला पानं असतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याच पावसात त्यांनी हितेशकडून पाखरांच्या पोत्यातले दोन ओंजळी दाणे नेले आणि गोठ्यामागच्या परसात पेरले. आता भातवाल्यानं बाजरी केली तर काय होईल, तेच झालं. आधी आवण केलं, म्हणजे रोपं वेगळी उगवून घेतली. परसात चिखल केला. चारी बाजूंनी सुबक बांध घातला, पोटऱ्या भिजतील इतकं पाणी साठवलं आणि बायकोबरोबर वाकून एकेक रोप चिखलात रोवलं. त्या लावणीकडे बघून गावातल्या म्हाताऱ्यांना गहिवरून आलं म्हणतात. बाजरीला आलं नाही. आठवड्याभरात ती पिवळी पडली, मग काळी पडली, आणि धर्माजी रोज बांधावर बसून पाणी कमी तर पडत नाही ना, हे बघत राहिले.

ही गोष्ट चंपाबेनना कळली तेव्हा त्या हसता हसता भिंतीला टेकल्या. त्यांच्या गावाला बाजरी रेताड जमिनीत, एका पावसावर यायची. बाजरीला कुणी बुडवून मारल्याचं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

*

त्या हिवाळ्यात चंपाबेन न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन जिने उतरणं संपलं. पाखरांना दाणे टाकायला सुनेला, रुचिताला, पाठवून झालं. पण दुसऱ्याच्या हातनं टाकलेल्या दाण्यांवर आलेली पाखरं आपली वाटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या आणि खाली बघायच्या. खाली पेंग्विन होता.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी हितेशकडून धर्माजींना निरोप धाडला. या तुकड्यात बाजरी पेर. जमीन तुझीच होती. कणसं पाखरांना राहू देत, मला वरून दिसतील. कणसाखालची धाटं तुझ्या बैलाला.

सोसायटीच्या सभेत यावर बराच वेळ गेला. कुणी लॉन हवं म्हणालं, कुणी पार्किंग. अखेर हितेशनं सांगितलं की बाजरी हेही एक गवतच आहे, तेव्हा लॉन लागलं असं समजा. ठराव मंजूर झाला. पेंग्विनला हलवायचं नाही, एवढी एक अट पडली.

धर्माजी निरोपाचं उत्तर द्यायला बाल्कनीखाली येऊन उभे राहिले. वर चंपाबेन, खाली हे, मध्ये तीन मजले.

"कनसाला हात लावनार न्हाय, बेन," ते वर बघून म्हणाले. "पाखरांनी पुरतं खाल्ल्याशिवाय विळा लावनार न्हाय. शब्द हाय माझा."

हा शब्द त्यांनी सहज दिला, कारण तो भाताच्या हिशेबानं दिला होता. भातात भांडण नसतं. दाणा माणसाला, पेंढा बैलाला. दाणा पिकल्यावरही पेंढा मऊ राहतो, त्याची उडवी, म्हणजे गंजी, रचली की वर्षभर जनावर आनंदानं खातं. धर्माजींच्या सबंध आयुष्यात दाणा खाणारा आणि काडी खाणारा कधी एकमेकांच्या आड आले नव्हते. बाजरीचंही तसंच असणार, असं ते धरून चालले. माणूस नवं पीक घेतो, पण विचार जुन्याच पिकाचा करतो.

यंदा मात्र त्यांनी बांध घातला नाही. म्हणजे सवयीनं घातला, चंपाबेन वरून ओरडल्या, आणि त्यांनी तो पायानं मोडला. डेब्रिज दोघा नवरा-बायकोनं घमेल्यांनी वाहून नाल्याकडेला टाकलं. बाजरी वर आली, कमरेएवढी झाली, पेंग्विन छातीपर्यंत तिच्यात बुडाला आणि पहिल्यांदाच बरा दिसू लागला.

श्रावणात कणसं निसवली आणि पाखरं आली. यात एक गंमत झाली. कबुतरांना कणसावर बसता येईना. ती बसली की धाट वाकायचं आणि महाराज खाली. वर्षानुवर्षं चंपाबेनचा दाणा खाल्लेली कबुतरं भिंतीवर रांगेनं बसून बघत राहिली, आणि जी पाखरं भाईंदरमधून गेली असं सगळे म्हणत होते ती कुठून कुठून आली. चिमण्या आल्या. सुपारीएवढ्या मुनिया थव्यानं आल्या. पिवळ्या डोक्याच्या सुगरणी आल्या. पोपट आले आणि निम्मं कणीस खाऊन निम्मं फेकू लागले. पाणकोंबडी नाल्यातून वर येऊन खाली पडलेलं वेचू लागली. चंपाबेननी बाल्कनीतली खुर्ची आत न्यायचं सोडून दिलं. जेवणही बाहेरच.

अडचण धर्माजींच्या गळ्याची होती. पोरवयापासून भातावरची पाखरं हाकलण्यात त्यांचा जन्म गेला होता. थवा उतरला की त्यांच्या तोंडून आपोआप 'हाऽऽ हाऽऽ' निघायचं, थवा भुर्रकन उडायचा आणि वरून चंपाबेन विचारायच्या की धरमाभाई, पाहुण्यांना जेवायला बोलावून पानावरून उठवतात का. धर्माजी ओशाळायचे. मग ते तोंडात तंबाखू धरून बसू लागले, म्हणजे ओरडता येऊ नये.

*

पोळ्याच्या दिवशी खैऱ्याला धुतलं. शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात यतीननं आणलेली प्लास्टिकच्या फुलांची माळ घातली आणि धर्माजींनी त्याला नवगोकुळाच्या फाटकातून आत आणलं. वासाची तक्रार करणाऱ्या बायकाही आरती घेऊन उतरल्या. मुलांनी पाठीला हात लावून बघितला. रुचितानं फोटो काढले. चंपाबेननी दोरीला बांधलेल्या टोपलीतून गुळाचा खडा सोडला. ही टोपली त्या भाजीवाल्यासाठी वापरायच्या, खाली पैसे, वर भेंडी.

धर्माजींनी तुकड्याच्या कडेनं पावसात आडवं पडलेलं बाजरीचं एक धाट उपटलं आणि खैऱ्याच्या तोंडाशी धरलं. खैऱ्यानं ते घेतलं. चावलं. बराच वेळ चावलं. मग जबडा तिरका करून चोथ्याचा एक ओला गोळा जमिनीवर टाकला आणि दुसरीकडे बघू लागला.

लोकांना वाटलं, आज लाडू खाऊन पोट भरलंय.

धर्माजींनी तो गोळा उचलला आणि बोटांनी दाबून बघितला. मग धाटाला नख लावलं. नख आत गेलं नाही. कोवळ्यात जी बाजरी खैऱ्यानं डोळे मिटून खाल्ली होती तिची आता काठी झाली होती. त्यांनी खैऱ्याचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, एका बाजूच्या तर नव्हत्याच. हे त्यांना ठाऊक होतं. पण पेंढ्याला दाढा लागत नाहीत, त्यामुळे ठाऊक असून आठवलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी शेवंतीला सगळं सांगितलं. बाजरी आता, या घडीला कापली तर अजून पात मऊ आहे; वाळवून ठेवली तर खैऱ्या कसाबसा खाईल. पाखरांचं खाऊन होईस्तोवर थांबलं तर राहील ते फक्त सरपण. दसऱ्यानंतर गवत संपणार. दिवाळीला ट्रक.

शेवंती म्हणाली, मग कापा. तिला त्यात विचार करण्यासारखं काही दिसेना. म्हणाली, म्हातारी भली आहे, सांगितलं तर नको थोडीच म्हणणार.

"म्हनूनच सांगायचं न्हाय," धर्माजी म्हणाले. "ती हो म्हनंल. मंग त्या बाल्कनीत बसून ती काय बघंल? पेंग्विन?"

त्यांनी शेवंतीकडून वचन घेतलं की ती वर जाऊन बाजरीचं काहीही बोलणार नाही. या घरात वचनांचा सुकाळ होता.

पुढचे दिवस धर्माजी रोज सकाळी विळा घेऊन तुकड्यापर्यंत जायचे, बसायचे, पाखरं बघायचे आणि विळा घेऊन परत यायचे. त्या विळ्यानं ते फार तर भिंतीच्या कडेचं गवत कापत. पुढे पुढे खैऱ्यालाही बरोबर आणून पेंग्विनशेजारी उभं करू लागले. एकदा म्हणे त्याला काही तरी सांगत होते. पांजरापोळीत पंखे असतात, असं काहीसं.

*

शेवंतीनं वचन पाळलं. पण वर जायचं नाही असं वचन कुणी घेतलं नव्हतं.

गुजराती घरी काय घेऊन जावं याचा तिला प्रश्न पडला. खारीत कुणाकडे काही न्यायचं तर सोडे नाहीतर बोंबील. इथे दोन्हीचं नाव काढायची सोय नाही. शेवटी मांडवावरचं एक लांबलचक पडवळ घेऊन ती तीन जिने चढली आणि चंपाबेनच्या खुर्चीजवळ लादीवर बसली. हिंदी तिला बाजारापुरतं येत होतं.

आधी खुब्याचं झालं. मग सुनांचं झालं. दोघींनी आपापल्या सुना बऱ्या असल्याचं कबूल केलं. रुचितानं सासूचं जेवण आणून ठेवलं. वाटीत दूध होतं, त्यात कुस्करून भिजवलेला बाजरीचा रोटला.

शेवंतीनं वाटीकडे बघितलं. म्हणाली, "हमारा खैऱ्या भी ऐसाच. दात न्हाय त्याला."

चंपाबेननी चमचा खाली ठेवला. "दाँत नहीं? तो ये कडक बाजरी कैसे खाएगा?"

शेवंतीनं वचन दिलेलं. तिनं फक्त पदर सारखा केला आणि पाखरांकडे बघत राहिली.

चंपाबेन पण पाखरांकडे बघत राहिल्या. मग खाली. खाली धर्माजी विळा मांडीवर घेऊन बसलेले, शेजारी खैऱ्या. गेले कितीतरी दिवस हा माणूस विळा घेऊन येतो आणि काही न कापता जातो, हे त्या रोज बघत होत्या. राखण करतोय, असं त्यांना वाटलं होतं.

"धरमाभाई," त्यांनी हाक मारली. "काट दो."

धर्माजींनी वर बघितलं. बाल्कनीच्या गजांमधून शेवंतीचा पदर दिसला तेव्हा त्यांना काय झालं ते कळलं.

"न्हाय, बेन," ते म्हणाले. "पाखरं आता कुठं दान्याला लागलीत. दानं संपंपर्यंत थांबायचं ठरलंय."

"बळद भूखा मरेगा."

"तो जाईल पांजरापोळीत. तिथं चारा हाय. पाखरांना कुठली पांजरापोळ."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. आयुष्यभर जीवदयेला दाणे टाकले, आणि आता एका जिवाचा घास दुसऱ्याच्या चोचीत जातोय आणि मधोमध आपण खुर्ची टाकून बसलोय, हे चंपाबेनच्या ध्यानात आलं. खाली उतरता आलं असतं तर त्यांनी स्वतः विळा घेतला असता. दूध गार होऊन वर साय आली. रुचिता म्हणाली, बा, खाऊन घ्या ना, मी मऊ केलंय.

चंपाबेननी वाटीकडे बघितलं. मग रुचिताला टोपली आणायला सांगितली. भिजवलेला रोटला एका स्टीलच्या ताटलीत ओतला, वर गूळ चिरून टाकला आणि टोपली हळूहळू खाली सोडली. धर्माजींनी ताटली खैऱ्यापुढे धरली. खैऱ्यानं आधी वास घेतला, मग जिभेच्या एका फटकाऱ्यात सगळं उचललं, आणि ताटली उलटून मागूनही चाटून घेतली.

तिसऱ्या मजल्यावर चंपाबेन हसू लागल्या. दातांशिवाय हसताना त्यांचं तोंड लहान मुलासारखं व्हायचं.

"देखो," त्या शेवंतीला म्हणाल्या. "मेरे भी दाँत गये. तो क्या रोटला बंद हुआ? मेरा चबाने का काम बहू करती है. बळद का तुम करो."

*

कणसं दसऱ्याच्या पुढेमागे पिकली आणि पाखरांनी ती सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन रिकामी केली. कुणीही विळा लावला नाही. शेवटच्या कणसावरचा शेवटचा दाणा गेला की नाही याची खात्री वरून चंपाबेननी केली, आणि मगच धर्माजींनी कापणी केली. कापलेलं सरमाड, म्हणजे वाळकी कडक धाटं, त्यांनी गोठ्यामागे भाताच्या पेंढ्यासारखं रचलं. उडवी रचताना त्यांचे हात जुन्या वळणानं चालत होते. यतीन फ्लॅटच्या खिडकीतून बघत होता. मग तोही उतरून पेंढ्या फेकू लागला.

शेवंतीनं तुळशीखालचं उखळ बाहेर काढलं. भात गेल्यापासून त्याच्यावर तुळशीची कुंडी होती. धर्माजी कोयत्यानं धाटाचे बोटभर तुकडे करायचे, शेवंती ते उखळात मुसळानं चेचायची, मग घमेल्यात पाणी, मूठभर मीठ आणि टोपलीतून उतरलेला गूळ घालून रात्रभर भिजत ठेवायची. मीठ मिठागरातलंच, जुन्या गोणीतलं. सकाळी सगळं मऊ पडलेलं असे. खैऱ्याला चावायचं जवळजवळ काही राहत नसे. पहिल्यांदा घमेलं पुढे ठेवलं तेव्हा धर्माजी गोठ्याबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना बघवेना. आतून बराच वेळ आवाज आला नाही. मग घमेलं दगडावर घासल्याचा आवाज आला, आणि शेवंती म्हणाली, या आत, खातोय.

सकाळच्या कुटण्याच्या आवाजाबद्दल नवगोकुळातून तक्रार आली. हितेशनं सभेत सांगितलं की लॉनची निगा राखायचं काम चालू आहे.

दिवाळी आली. धर्माजी पाडव्याच्या दिवशी दुकानात गेले आणि काउंटरपाशी नुसते उभे राहिले. हितेश गिऱ्हाइकांत होता. बऱ्याच वेळानं त्याचं लक्ष गेलं. त्यानं विचारलं, काका, काय देऊ. धर्माजी म्हणाले, काही नको, ट्रकचं काय ते बघायला आलो. हितेशनं क्षणभर आठवल्यासारखं केलं. मग म्हणाला की पांजरापोळवाल्यांचा नंबर त्याच्याकडून कुठे तरी हरवलाय. नंबर त्याच्या मागे भिंतीवर, कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. धर्माजींना अक्षरं वाचता येत नसली तरी आकडे येत होते. बरं, म्हणाले आणि बाहेर पडले.

खैऱ्यानं तो हिवाळा काढला, होळी बघितली, आणि वैशाखात एका दुपारी आपल्याच गोठ्यात, घमेल्याशेजारी मान टेकून गेला. घमेलं निम्मं खाल्लेलं होतं. शेवंतीनं उरलेलं टाकून दिलं नाही. नाल्याकडेला ओतलं, तिथे साळुंक्या आल्या.

धर्माजी नंतर बरेच दिवस दिसले नाहीत. सकाळी नाल्याकडे जायला आता कारण नव्हतं. रिक्षातल्या मुलांनी ड्रायव्हरला विचारलं, काऊ कुठे गेली. ड्रायव्हरला माहीत नव्हतं.

जूनमध्ये सभेत पुन्हा तुकड्याचा विषय निघाला. बैल नाही, तेव्हा फरशी घालून गाड्या लावाव्यात, असं काहींचं म्हणणं पडलं. निर्णय व्हायच्या आत एके सकाळी धर्माजी खांद्यावर कुदळ घेऊन आले आणि पेंग्विनभोवतीची जमीन खणू लागले. बाल्कनीतून टोपली उतरली. तिच्यात निवडून पाखडलेली बाजरी होती, वर कागदाच्या पुडीत गूळ. ही पुडी सवयीनं आली असावी. धर्माजींनी ती उघडून बघितली, परत मिटली आणि खिशात ठेवली.

"बैल न्हाय आता, बेन," ते वर न बघता म्हणाले.

"पंछी है ना," वरून आवाज आला.

त्यांनी ओळी पाडल्या, दाणे टाकले, पायानं माती लोटली. दोन सुगरणी आधीच तारेवर येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून धर्माजींच्या गळ्यात 'हा' आला, आणि त्यांनी तो गिळला. मग ते सगळ्या तुकड्याभोवती फिरले, आणि हात आपसूक माती ओढत, थापटत गेले. फेरी पुरी झाल्यावर मागे वळून बघतात तर चारी बाजूंनी सुबक, सरळ बांध.

ते त्या बांधाकडे थोडा वेळ बघत राहिले. चांगला झाला होता. मग नाल्याच्या बाजूला गेले आणि टाचेनं एका जागी तो फोडला.

"पानी जाएगा?" वरून चौकशी झाली.

"जाईल," धर्माजी म्हणाले.